देहाचे मंदिर आणि बाईचा देह



सल्ला केंद्रात येणाऱ्या ख्रिस्ती बायकांच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकते : देह हे देवाचे मंदिर आहे. मुलीच्या कपड्यांवरून बोलायचे असले की घरात हे वाक्य येते. नवऱ्याला नकार देऊ नकोस हे समजावतानाही येते. मार खाऊन आलेल्या बाईला मात्र, तुझे मंदिर कोणी फोडले, असे विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे वचन मूळ जागी जाऊन वाचायला हवे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा हा सहावा अध्याय. करिंथ व्यापाराचे, बंदरांचे शहर. तिथले काही पुरुष, आम्हाला आता सगळे मोकळे, असे म्हणत वेश्यांकडे जात होते. पौल त्यांना बजावतो की तुमचा देह तुमच्या मालकीचा नाही, तो पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तेव्हा देहानेही देवाचा गौरव करा. म्हणजे कानउघाडणी पुरुषांची, आणि ती ऐकत आल्या बायका! पुढच्याच अध्यायात बायकोच्या देहावर नवऱ्याचा अधिकार सांगितला आहे, आणि त्याच वचनात नवऱ्याच्या देहावर बायकोचाही. प्रवचनात बहुधा पहिला अर्धाच येतो. देह मोल देऊन विकत घेतला आहे, ही पौलाची भाषा मात्र मला खुपते. ती गुलामांच्या बाजारातली आहे, आणि गुलाम बाईला नकाराचा हक्क कुठे होता?

कायदाही याच वळणाचा. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता, किंवा दोन वर्षे टाकून दिल्याचे, असे आणखी काही सिद्ध करावे लागे. १९९५ साली केरळ आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद मोडला. संसदेला जाग आली २००१ मध्ये. आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कारात धरलेली नाही. तिथे धर्म कोणताही असो.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण बायबल दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्या थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते मराठीत आणले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापले. दुष्काळातून आणलेल्या उपाशी मुलींना तिथे आधी अन्न मिळाले, मग अक्षर, मग हातांना काम. देहाचा गौरव म्हणतात तो मला तरी तिथे दिसतो.

ख्रिस्ती वस्त्यांत काम करणाऱ्या गटांना एक विनंती. महिला मंडळाच्या बैठकीत हे दोन्ही अध्याय सलग वाचा, पाळकांना किंवा फादरना बोलवा, आणि मारहाण झालेल्या बाईला ते या वचनावरून काय सांगतील ते विचारा. मिळालेली उत्तरे आम्हाला कळवा.