दोन बिले, वाट मात्र एकच!

८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील 'रॉजर्स' या बड्या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक जवळजवळ दिवसभर जगापासून तुटले. दुकानांत डेबिट कार्डे चालेनात. प्राणसंकटी मदत मागण्याचा ९११ हा क्रमांकही अनेकांना लागेना. घातपात नव्हता, भूकंप नव्हता. सुधारणेचे काम चालू असता यंत्राच्या मांडणीत एक चूक झाली, इतकेच! घरात कंपनीची तार आणि खिशात तिचाच मोबाइल बाळगून जे निर्धास्त होते, त्यांच्या दोन्ही सेवा एकाच मध्यवर्ती जाळ्यावर विसंबून होत्या. बिले दोन, आधार एक!

यावर कोणी म्हणेल, दुसरी जोडणी दुसऱ्या कंपनीकडून घ्यावी. सल्ला योग्य, पण अपुरा आहे. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली, तेव्हा एकाहून अधिक कंपन्यांच्या फायबर तारा एकदमच जळाल्या. कारण त्या साऱ्या त्याच बोगद्यातून गेल्या होत्या. आपल्याही वाट्याला हा अनुभव आलेला आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियानजीक आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात दोन-दोन केबली निकामी झाल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. कंपन्या भिन्न असल्या, तरी त्यांच्या तारा बहुधा एकाच चिंचोळ्या वाटेने जातात. मग आपल्या इमारतीत शिरणाऱ्या दोन तारा एकाच नळीतून येत असतील, तर महापालिकेच्या कंत्राटदाराची एक कुदळ दोहोंना पुरेशी आहे!

खर्चाचा प्रश्न इथेच उद्भवतो. बड्या कंपनीची लीज्ड लाइन घरगुती ब्रॉडबँडच्या कित्येक पट महाग असते. करारातील ९९.५ टक्क्यांची हमी भारदस्त भासते. पण हिशेब केला तर तिचा अर्थ वर्षाकाठी सुमारे ४४ तास सेवा बंद ठेवण्याची मुभा असा होतो. भरपाई मिळते ती बहुधा भाड्यातील सवलतीची. बुडालेल्या धंद्याची नव्हे.

तेव्हा ज्याने त्याने आपली निकड ओळखावी. रुग्णालय, बँक, वीजकेंद्र यांनी भिन्न कंपनी, भिन्न खंदक आणि इमारतीत शिरण्याची भिन्न जागा यांचा आग्रह धरलाच पाहिजे. तेथे काटकसर हा गुन्हा होय. लहान कचेरीने वा दुकानदाराने मात्र दुसऱ्या लीज्ड लाइनच्या मोहात पडू नये. एका कंपनीचे फायबर, दुसरीचे मोबाइल डेटा-कार्ड, तार तुटताच आपोआप दुसरी वाट धरणारा राउटर आणि वीज गेल्यास तग धरणारी बॅटरी, एवढी तजवीज बहुतेकांस पुरेल. मात्र महिन्यातून एकदा मुख्य तार काढून परीक्षा घ्यावी. न तपासलेली पर्यायी व्यवस्था ही व्यवस्था नसून निव्वळ समजूत असते.

परंतु आपली तार कोणत्या रस्त्याखालून जाते हे ग्राहकाला ठाऊकच नसेल, तर त्याने शहाणपण तरी कसे दाखवावे? मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने खोदकामापूर्वी सूचना देण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' ही सोय सुरू केली. खोदणाऱ्याला तारेचा पत्ता लागू शकतो, तर तिचे मोल मोजणाऱ्यालाच तो का नाकारावा? सुरक्षिततेसाठी सारे नकाशे चव्हाट्यावर मांडावेत असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी साधी आहे: 'स्वतंत्र दुसरी वाट' म्हणून जी कंपनी पैसे घेते, तिने ती वाट कोठवर स्वतंत्र आहे हे करारात लेखी द्यावे आणि ते खोटे ठरल्यास दंड भरावा. सरकारी रुग्णालयांच्या निविदांत ही अट प्रथम घालावी.

ग्राहकाने दुप्पट पैसे मोजावेत आणि एकाच कुदळीच्या घावाने निराधार व्हावे, हा व्यापार नव्हे. ही फसवणूक आहे!