विद्यापीठांचा कर्ब-हिशेब : कुंपण कोठे घालायचे?

‘नॅक’च्या मूल्यांकनामुळे ‘हरित लेखापरीक्षण’ हा शब्द आपल्या महाविद्यालयांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. विद्यापीठाच्या आवाराचा ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे तेथील व्यवहारांमुळे वर्षाकाठी हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड व तत्सम वायूंचा भार, मोजणे ही त्याची पुढची पायरी होय. हा उपक्रम स्वागतार्हच आहे. तथापि या हिशेबाचे कुंपण कोठे घालायचे, या प्रश्नाचा विचार आधी व्हावयास हवा.

2001 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ने उत्सर्जनाचे तीन वर्ग पाडले. जनरेटरचे डिझेल आणि खाणावळीतील गॅस हा पहिला वर्ग. विकत घेतलेली वीज हा दुसरा. आणि विद्यार्थ्यांची ये-जा, संस्थेची खरेदी, कचरा इत्यादी तिसरा. पहिल्या दोहोंची बिले कार्यालयात आयती मिळतात. ये-जा करण्याचा खर्च मात्र विद्यार्थी आपल्या खिशातून करतो, आणि म्हणूनच तो हिशेबातून सहज निसटतो. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठाने 2008-09 या वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे चार-पंचमांश भार या तिसऱ्या वर्गातच आढळला.

आपल्याकडील परिस्थितीचा अंदाज येण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक हजार विद्यार्थी दुचाकीवरून रोज एकूण 20 किलोमीटर ये-जा करतात. लिटरमागे 50 किलोमीटर आणि वर्षाचे 200 दिवस धरले, तर 80 हजार लिटर पेट्रोल जळते. लिटरमागे सुमारे 2.3 किलो या हिशेबाने 184 टन कार्बन डायऑक्साइड होतो. विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरल्यास हा भार अडीच लाखांहून अधिक युनिटांइतका भरतो.

आता समजा, या विद्यापीठाने नवे वसतिगृह बांधण्याचे टाळले. आवारातील वीज व गॅस वाचेल आणि अहवाल उजळून दिसेल; परंतु खेड्यापाड्यांतील विद्यार्थी रोज रस्त्यावर येईल. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, तो हाच. भार नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

यास्तव विद्यापीठांनी हिशेबाची सीमा व आधारवर्ष प्रथम जाहीर करावे, तिन्ही वर्ग मोजावेत आणि एकूण आकड्याबरोबर दर विद्यार्थ्यामागील आकडाही द्यावा. प्रवासाची पाहणी अर्थशास्त्र व संख्याशास्त्राचे विद्यार्थीच करू शकतील. वसतिगृहाच्या एका इमारतीचे किंवा वेळेवर येणाऱ्या एस.टी.चे खरे मोल अशा हिशेबातच दिसू शकेल.