ॲक्सेसमध्ये कोड मागण्याआधी प्रॉपर्टी शीट उघडा



बिलिंगचा व्हिडिओ टाकला की मला हमखास फोन येतो, "सर, याचा व्हीबीए कोड पाठवा ना." माझं मत सरळ आहे. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या कामासाठी ॲक्सेसने सोय आधीच दिलीय, तिथे कोड लिहू नका. आणि कुणाला पैसे देऊन लिहून तर अजिबात घेऊ नका.

साधी गोष्ट घ्या. बिलात नग शून्य किंवा मायनस पडायला नको. बरेच जण यासाठी फॉर्मच्या बिफोर अपडेटला कोड लिहितात. फॉर्ममधून एंट्री होते तोवर ठीक. पण महिनाअखेरीला दुकानातला मुलगा थेट टेबल उघडून दुरुस्ती करतो, किंवा एक्सेलमधून यादी पेस्ट करतो. तिथे फॉर्मच उघडलेला नाही, तर कोड चालणार कसा? तीच अट टेबलच्या डिझाइनमध्ये, नगाच्या फील्डला व्हॅलिडेशन रूल म्हणून द्या. मग एंट्री कुठूनही येवो, अडवली जाणारच. खाली व्हॅलिडेशन टेक्स्टमध्ये मराठीत 'नग तपासा' लिहा. आणि हो, रिक्वायर्ड 'यस' करायला विसरू नका. रकाना रिकामा सोडला तर 'शून्यापेक्षा जास्त' हा रूल काही बोलत नाही. मी स्वतः हे जरा उशिराच शिकलो!

एकच मोबाइल नंबर दोनदा नको? इंडेक्स्ड, नो डुप्लिकेट्स. यादीबाहेरचा माल नको? कॉम्बो बॉक्सला लिमिट टू लिस्ट. दोन क्लिकचं काम.

मग कोड कुठे लागतो? माल निवडल्यावर आजचा दर बिलाच्या ओळीत उतरवून ठेवायला. तो तिथे साठवलाच पाहिजे, नाहीतर उद्या दर वाढवला की जुनी बिलंही बदललेली दिसतील. त्याला आफ्टर अपडेटमध्ये एक ओळ पुरते. शिल्लक नसलेला माल विकला जाऊ नये, यालाही थोडा कोड लिहावा लागेल. तो जरूर लिहा.

कोड कमी ठेवायचं खरं कारण तुमचा धंदा आहे. प्रॉपर्टी तुम्ही स्वतः वाचू शकता, बदलू शकता. दुसऱ्याच्या कोडसाठी दर वेळी त्यालाच फोन करावा लागतो. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी विचारा, "एसीसीडीबी फाइल मिळणार ना?" नुसती एसीसीडीई मिळाली, तर फॉर्मचं डिझाइन आणि कोड तुम्हाला बदलताच येणार नाही.