मृगाआधीची खरेदी

अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीत शेत आणि रान एकमेकांना लागूनच आहे. इथे रात्री ओलिताला जाणाऱ्याला चांगली बॅटरी आणि गमबूट लागतातच. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या या अंकात आम्ही स्वस्त खरेदीचा विषय घेतला आहे.

स्वस्त घ्यावं, पण पारखून. ताडपत्री नुसत्या रंगावर घेऊ नका, जीएसएम विचारा. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. भाव सारखाच असेल तर जास्त जीएसएमची घ्या, कडेच्या कड्या ओढून पाहा आणि लांबी-रुंदी स्वतः मोजा. हलकी ताडपत्री सोयाबीनच्या गंजीवर एक हंगामही टिकत नाही, मग वाचवलेले पैसे दुप्पट जातात. गमबूट मात्र जुने घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. तडकलेल्या रबरातून सापाचा दात आत जातो.

काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा फुकट देतं. १०८ ची रुग्णवाहिकाही मोफत येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी सापांची ओळख करून देणारं पुस्तक गावच्या वाचनालयात मागा. नसेल तर मागणी नोंदवा. शहरात गेलात तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात डोकावा.

मृग लागण्याआधी घरातली बॅटरी एकदा पेटवून पाहा, एवढी विनंती.