सूनबाईचे सोळा आठवडे



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काल्हेरच्या आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली, सारे पांगले, तरी एक माउली थांबून राहिली. मग तिने पिशवीतून एक कागद काढला. "भाऊ, एवढं वाचून सांगा. सूनबाईचं बी.एड. घरबसल्या होतंय म्हणतात. परीक्षेला तेवढं जायचं."

कागद एका दलालाचा. परराज्यातले कॉलेज, हजेरी नाही, पैसे दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यासाठी सुनेच्या कानातली फुले मोडायचे घरात ठरले होते. मुलगा गोदामात माल चढवतो-उतरवतो. सून बी.ए. झालेली, पण तीही पॅकिंगलाच जाई. तिचा रोज बुडू नये आणि डिग्रीही मिळावी, म्हणून ही वाट.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागद हाती आला की आधी मान्यता पाहतो. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, मान्यता हवी. परिषदेच्या यादीत ते नाव आम्हाला सापडले नाही. सापडले असते तरी आम्ही नकोच म्हटले असते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आहे. वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. ही इंटर्नशिप एकूण वीस आठवड्यांची असते, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. मुक्त विद्यापीठाचे बी.एड. आहे, पण ते आधीच शाळेत शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी. 'घरबसल्या' म्हणणारा आपल्याला फसवतो तरी, नाहीतर आपल्या पोरांना.

माउली पुटपुटली, "शिकवायला काय लागतं एवढं? पोरांना चूप बसवायचं."

फुले कानातच राहिली. सुनेने राज्याची सीईटी दिली. पदवीला आपल्याला ४५ टक्के पुरतात, तिला त्याहून बरेच जास्त होते. ठाण्याच्या बाजूला प्रवेश मिळाला. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर आम्हीच भरून दिला. (उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावे लागते, ते पुष्कळजण विसरतात.)

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असते. पाच-सहा मिनिटांचा पाठ, त्यात एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणे, उद्या फक्त फळ्यावर लिहिणे. वर्गमैत्रिणीच विद्यार्थी होऊन बसतात, चुका सांगतात, आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. सूनबाई याचा सराव घरी करी. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू हा फळा, सासू आणि पाचवीतला पुतण्या हे विद्यार्थी. एका रात्री आम्हीही जाऊन बसलो. पाठ महाडचा होता. तिने विचारले, "चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या साली झाला?" पुतण्याने १९२७ सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "साल काय विचारतेस गं? तळ्यावर गुरं पाणी पीत होती, मग माणसांना का नको, ते विचार ना!"

सून गप्प झाली. मग खाली बसून तिने पाठाचे टाचण खोडले आणि पहिला प्रश्न तोच लिहिला. कॉलेजात त्या पाठाला चांगले गुण पडले. माउलीने ही बातमी वस्तीभर सांगितली. पोरांना चूप बसवायचे बोलणे त्यानंतर आम्ही ऐकले नाही.

खरी अडचण आली ती दुसऱ्या वर्षी. सोळा आठवडे रोज शाळा, म्हणजे सुट्टीतली पॅकिंगची कामेसुद्धा बंद. मुलगा आम्हाला म्हणाला, "दादा, एवढं करून नोकरीची खात्री आहे का?"

खोटे कशाला सांगायचे? खात्री नाही. शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ती २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, त्यानंतर २०२५ ला. मधल्या पाच वर्षांत कित्येक बी.एड. झालेली मुले वाट पाहत राहिली. सहावी ते आठवीला शिकवायचे तर टीईटीही हवी. नेमणूक झाली तरी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक, आणि माध्यमिकला २०२३ पासून महिना १८ हजार मानधन. हे सगळे आम्ही त्याला कागदावर लिहून दिले. संस्थेत चिकटवतो म्हणून लाखांची मागणी करणारा भेटला तर आधी आमच्याकडे ये, हेही बजावले.

मग त्याला दादा केळुस्करांचे सांगितले. शाळकरी भीमरावांच्या हाती आपण लिहिलेले बुद्धचरित्र देणारे केळुस्कर विल्सन हायस्कूलचे शिक्षक होते. तो बराच वेळ बोलला नाही. जाताना म्हणाला, "सोळा आठवडे मी ओव्हरटाईम बघतो."

लहानग्याला बालवाडीतून आणण्याचे शेजारच्या ताईंनी घेतले. पाणी आणि डबा सासूकडे. पहिल्याच दिवशी कशेळीच्या पुलावर गाड्या अडल्या आणि सूनबाई परिपाठाला उशिरा पोचली. आता ती अर्धा तास आधी निघते. डब्यातल्या भाजीत मीठ कमी असते म्हणे, पण ते सासूबाईंना सांगायचे नाही, असे तिने आम्हाला बजावले आहे.