चौथ्या पटावरचा रविवार

“बसूनच खेळायचंय ना? मग घरी बस आणि खेळ. त्यासाठी नाशिकला कशाला जायला पाहिजे?”

रविवारी पहाटे डबा भरता भरता आई हे विचारायची. चांदवडहून नाशिक साधारण पासष्ट किलोमीटर. पिंपळगाव, ओझर करत एसटी पोचते तोवर अंग आंबून जातं, आणि त्यानंतर दिवसभर पुन्हा खुर्चीतच बसायचं. तेव्हा माझ्याकडे आईला द्यायला उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी जे कॉलेजच्या बुद्धिबळाच्या टीममध्ये आहेत, किंवा जावं की नाही या विचारात आहेत, त्यांच्या घरी हा प्रश्न येणारच. म्हणून आधी हिशेब मांडूया, आणि तो खरा मांडूया.

पैसे पहिले. चार खेळाडू आणि एक राखीव. पाच जणांचं जाण्यायेण्याचं तिकीट, एंट्री फी, दुपारचा वडापाव आणि चहा, असं करत एका रविवारी दोन हजारांच्या आसपास जायचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असेल तर आमचं कॉलेज भाडं द्यायचं. सुट्टीच्या दिवशीच्या खुल्या सांघिक स्पर्धेला मात्र आपलाच खिसा. (मार्च २०२३ पासून एसटीत मुलींना अर्धं तिकीट झालं. आमची टीम मोडल्यावर झालं, हे मी अजून मनाला लावून घेते.)

पण पैसे हा सोपा खर्च आहे. अवघड खर्च रविवारचाच. बाकीच्यांचा रविवार झोपायचा असेल, आपल्याकडे कांदा लागणीच्या दिवसांत कॉलेजला जाणारं माणूसही त्या दिवशी वावरात लागतं. मी नाशिकला पंख्याखाली बसून वजीर कुठे ठेवावा याचा विचार करायचे, तेव्हा माझ्या वाट्याच्या वाफ्यात आई वाकलेली असायची. घरात कुणी हे बोलून दाखवलं नाही. त्यानं जास्त टोचायचं. संघभावनेवर भाषणं देणारे हा खर्च कधी धरत नाहीत, कारण तो पावतीवर येत नाही. संध्याकाळी उशीर झाला की भाऊ गाडी घेऊन चौफुलीवर थांबायचा, त्याचाही रविवार गेला. आणि सोमवारचं जर्नल कोऱ्यानं कोरंच.

आता खेळाचं. सांघिक बुद्धिबळात चार पट असतात, कुणी कितव्या पटावर बसायचं हे आधीच यादीत द्यावं लागतं, आणि चार डावांत मिळून अडीच गुण झाले की सामना जिंकला. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात होतं असं की तुम्ही सुंदर डाव जिंकता आणि बाजूचे तिघं हरतात. तुमचं नाव कुठेच लागत नाही. किंवा तुम्ही हरता, तिघं जिंकतात, आणि सगळ्यांबरोबर फोटोत उभं राहून तुम्हाला हसावं लागतं. यातलं दुसरं जास्त जड जातं, अनुभवानं सांगते.

मी चौथ्या पटावर होते. चौथा पट म्हणजे चौघांतला सगळ्यात कच्चा, असं सगळे समजतात. मीही समजायचे. मग सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतानं खुल्या गटात सुवर्ण जिंकलं, २२ पैकी २१ सामनागुण घेऊन. पहिल्या पटावर गुकेश, तिसऱ्यावर अर्जुन एरिगैसी, दोघांनाही वैयक्तिक सुवर्ण. चौथ्या पटावर आपल्या नाशिकचा विदित गुजराथी, दहा डावांत साडेसात गुण. चौथ्या पटावर गळती नव्हती, हे त्या सुवर्णाचं एक कारण आहे, पण हेडलाइन त्या पटाला मिळत नाही. आणि त्याहून मला भावला पी. हरिकृष्ण. जुना, कसलेला ग्रँडमास्टर. अकरा फेऱ्यांत त्याला तीनच डाव मिळाले. उरलेल्या आठ फेऱ्या तो राखीव. सुवर्णपदक मात्र त्याच्याही गळ्यात.

म्हणून माझा एक आग्रह आहे. तुमच्या टीममध्ये जो पाचवा असेल, त्याचं तिकीट बाकी चौघांनी काढा. तो पहाटे उठतो, एसटीत बसतो, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घड्याळाकडे बघून परत येतो. आम्ही हे केलं नाही. आमचा पाचवा तिसऱ्या रविवारनंतर यायचा बंद झाला. चूक त्याची नव्हती.

मग मिळतं काय? सर्टिफिकेट म्हणाल तर त्यासाठी जाऊ नका, तेवढ्यात दुसरं काहीतरी होईल. मिळतं ते सांगायला एक रविवार सांगावा लागेल.

शेवटची फेरी. आम्ही दोन-एकनं पुढे, फक्त माझा डाव चालू. हत्ती-घोड्याचा अंतिम डाव, माझं एक प्यादं जास्त. समोरच्यानं बरोबरी विचारली. मी घेतली असती तर अडीच गुण, सामना आमचा, बक्षीसही आमचं. नियमाप्रमाणे कॅप्टन पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढू शकत नाही, पण बरोबरी घे किंवा घेऊ नको एवढं सांगू शकतो. त्यानं सांगितलं, “घे.” मी मान हलवली नाही. आठवडाभर ऑनलाइन हरत होते, एक डाव स्वतःच्या हिमतीवर जिंकून दाखवायचा होता. मी खेळत राहिले. वेळ कमी पडला, त्याच्या घोड्यानं माझा राजा आणि हत्ती एकदम धरले. दोन-दोन. बक्षीस गेलं.

परतीच्या एसटीत ओझरपर्यंत कुणी बोललं नाही. मोबाइलवर हरले असते तर ‘न्यू गेम’ दाबून मोकळी झाले असते. इथे ज्यांचं मी घालवलं होतं ते तिघं शेजारच्या सीटवर होते, आणि त्यांच्याच डब्यातली चपाती मी दुपारी खाल्ली होती. आई विचारायची ना, घरी बसून का नाही खेळत? कारण घरी बसून हरण्यानं कुणाचंच काही जात नाही. जिंकण्यानंही नाही.

पाच वेळा जगज्जेता झालेला विश्वनाथन आनंदसुद्धा जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये क्लबकडून खेळला आहे. तिथे एका संघाचे आठ पट, सामने शनिवार-रविवारी. २०२० मध्ये त्याच लीगसाठी गेलेला आनंद लॉकडाउनमुळे तिकडेच अडकला आणि मे अखेरीस भारतात परतला. एका लीगपायी इतका खर्च कुणाला पडला असेल असं वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग दर रविवारी जायचं का? नाही. मी असते तर महिन्यातून दोनदा. परीक्षेच्या महिन्यात नाही, आणि लागणीत तर नाहीच. तेव्हा आईला न विचारता घरी थांबायचं. जायचं तेव्हा मात्र पूर्ण जायचं. आपला डाव संपल्यावर कॅन्टीनला पळायचं नाही, शेवटचा पट उठेपर्यंत मागे उभं राहायचं. मी त्या दिवशी हरत असताना तिघंही मागे उभे होते. एकानं पाण्याची बाटली माझ्या बाजूला सरकवून ठेवली होती, ती मला डाव संपल्यावर दिसली.

चांदवडला उतरताना कॅप्टननं इतकंच विचारलं, “पुढच्या रविवारी येणारेस ना?” पुढच्या यादीत चौथ्या पटासमोर माझंच नाव होतं. तिकिटाचे पैसे मात्र त्यानं माझ्याकडून आधीच घेतले.