‘ही मुले अशीच असतात’ हे निदान नव्हे

अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची होते, आकडे पोषण ट्रॅकरमध्ये जातात आणि मूल कोणत्या गटात बसते ते ठरते. डाउन सिंड्रोम असलेले मूल या काट्यावर आले की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ते खुजे किंवा कमी वजनाचे म्हणून नोंदले जाते आणि ‘त्याला नीट खाऊ घाला’ असे आईला बजावले जाते. नाही तर कोणी जाणता माणूस सांगतो, ‘अहो, ही मुले अशीच असतात.’ पहिल्या वाक्याने आईवर ठपका येतो, दुसऱ्याने तपासणीच थांबते. दोन्ही चुकीचेच, पण दुसरे अधिक महाग पडते.

मुळात मोजपट्टी कोणती, हा प्रश्न आहे. अंगणवाडीतला तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आणलेला. सहा देशांतल्या, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मोजमापांवर तो बेतला आहे. त्यात आपल्या दक्षिण दिल्लीतली बाळेही होती. निरोगी मूल कसे वाढायला हवे, हे तो तक्ता सांगतो. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते आणि वाढीचा वेग आधीपासूनच मंद असतो. त्यामुळे ठणठणीत मूलही या तक्त्यावर खालच्या रेषेच्या आसपास किंवा तिच्याही खाली दिसू शकते.

म्हणून या मुलांसाठी वेगळे तक्ते तयार झाले. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले तक्ते बराच काळ वापरात होते. पुढे फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी सहाशेहून अधिक मुलांची मोजमापे घेऊन २०१५ मध्ये नवे तक्ते दिले आणि आज डॉक्टर बहुतेक त्यांचाच आधार घेतात. साध्या तक्त्यावर तळाला असलेले मूल इथे मधल्या रेषेवर दिसते आणि आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो.

पण हा दिलासा जपून घ्यायला हवा. वेगळा तक्ता ही मुले कशी वाढली एवढेच सांगतो, कशी वाढायला हवीत हे नाही. जुन्या तक्त्याच्या आकड्यांत हृदयदोष असलेली मुलेही होती, म्हणजे आजारपणाची वाढही ‘सरासरी’त धरली गेली होती. १९८८ आणि २०१५ चे तक्ते शेजारी ठेवले की नव्या तक्त्यातली तान्ही बाळे वजनाने आणि मुलगे उंचीने सरस दिसतात. मधल्या काळात गुणसूत्र तर बदलले नाही. बदलले असतील ते उपचार, शस्त्रक्रिया आणि दूध पाजण्याच्या अडचणींकडे पाहण्याची दृष्टी. ‘अशीच असतात’ म्हणून जे खपवले जात होते, त्यातला काही भाग उपचार न झालेल्या आजाराचा होता, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

त्यामुळे मूल कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा ते आपली रेषा सोडते आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. सहा महिने एका रेषेशेजारून चाललेले वजन घसरून खालची रेषा ओलांडू लागले, तर तो इशारा आहे, तक्ता कोणताही असो.

यात पहिला संशय हृदयाचा. डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. दूध ओढताना बाळ दमते, कपाळावर घाम येतो, थोडे पिऊन सोडून देते. घरात म्हणतात, खाल्लेले अंगी लागत नाही. ते खरेही असते, कारण बाळाची शक्ती श्वासातच खर्च होत असते. हृदयाच्या कप्प्यांमधला मोठा दोष असेल तर शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत करायची असते. उशीर झाला तर फुप्फुसांतला रक्तदाब कायमचा वाढतो आणि मग शस्त्रक्रियेचा मार्गच बंद होतो. अशा बाळाला ‘आधी वजन वाढू द्या, मग बघू’ असे सांगून परत पाठवणे म्हणजे त्याच्या हातातले मोजके महिने काढून घेणे. वजन वाढत नाही ते हृदयामुळेच, आणि हृदयाकडे पाहिले जात नाही ते वजनामुळे!

थायरॉइडचे दुखणे आणखी फसवे. मंदपणा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सैल स्नायू ही थायरॉइड कमी पडल्याची लक्षणे डाउन सिंड्रोमच्याच खाती जमा होतात. डोळ्यांनी फरक कळत नाही, रक्ततपासणीतच कळतो. म्हणून ती जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करायची असते. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा सिलिअ‍ॅक आजारही या मुलांत अधिक आढळतो. पोळी-बिस्किटे सुरू झाल्यावर पोट फुगून वजन अडले, तर त्याची आठवण ठेवावी.

पोषणाच्या चौकशीत मूल काय खाते, किती खाते हे हमखास विचारले जाते. कसे खाते, हे क्वचितच. जिभेचे आणि ओठांचे स्नायू सैल असतात, दात उशिरा येतात, चावणे सवयीने शिकवावे लागते. ते न शिकवल्यामुळे चार वर्षांचे मूलही खिमटीवर राहते. पाणी पिताना ठसका लागणे, एकेका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणे, वरचेवर छाती भरणे या गोष्टी वजनाच्या आकड्याइतक्याच नोंदवण्याजोग्या आहेत. त्यांवरचा उपाय वाचा-उपचारतज्ज्ञाकडे असतो, तुपाच्या आणखी एका चमच्यात नाही.

हा चमचा पुढे वेगळाच त्रास देतो. पाच-सहा वर्षांनंतर अनेक मुलांचे वजन उंचीच्या पुढे धावू लागते. कमी वजनाचा धसका घेतलेले घर तेव्हाही आग्रहाने भरवत असते. शाळेत खेळाच्या तासाला मूल कडेला बसलेले असते. वजन वाढले की झोपेत श्वास अडकण्याचा मुळातलाच धोका आणखी वाढतो. इथे वेगळा तक्ता उलटी दिशाभूल करतो. दहा वर्षांनंतर जादा चरबी ओळखायला बीएमआयचा साधा तक्ताच बरा, कारण वेगळ्या तक्त्याच्या मधल्या रेषेतच स्थूलपणा मुरलेला आहे.

बाजारात मिळणाऱ्या ‘खास’ जीवनसत्त्वांच्या पावडरींबद्दल फार लिहायला नको. ब्रिटनमध्ये १५६ बाळांवर अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक आम्लाची रीतसर चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आले, विकासात काहीही फायदा दिसला नाही. त्या पैशात थायरॉइडच्या कितीतरी तपासण्या होतात.

आपल्याकडे यंत्रणा नाही, असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. डाउन सिंड्रोम त्याच्या यादीत आहे, पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, शस्त्रक्रियेचा खर्चही त्यात बसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांची कार्यपद्धतीही जाहीर केली. उणीव आहे ती दोन मोजपट्ट्या शेजारी ठेवण्याची. या मुलांना साध्या तक्त्यातून वगळू नये, नाही तर खरे कुपोषित मूल पूरक आहारालाही मुकेल. त्याच पानावर दुसरी रेषा दिसावी आणि घसरण झाली की सेविकेने मूल थेट जिल्हा केंद्राकडे पाठवावे, एवढे करता येईल.

ही दुसरी रेषा कायम अमेरिकेची असण्याचेही कारण नाही. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणले, त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांच्यासारख्यांचे मोठे काम आहे. तसेच काम डाउन सिंड्रोमच्या मुलांसाठी व्हायला हवे. तोवर वजन अडलेल्या बाळाला पुढच्या महिन्याची तारीख देण्याआधी आईकडे दोन कागद मागावेत, हृदयाच्या इकोचा आणि थायरॉइडच्या तपासणीचा. नसतील, तर तारीख त्या तपासण्यांची द्यावी.